एक गोचीड आणि जुहूचे आठ दिवस

सोमवार, सकाळचे पावणेसात. जुहू चौपाटी. ट्रॅकपँटच्या एका खिशात मोबाइल, दुसऱ्या खिशात घराची किल्ली आणि... थर्मामीटर!

जुहूला सकाळी फिरायला येणारी पब्लिक काय काय घेऊन येते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. योगा मॅट, फुटबॉल, कारल्याचा ज्यूस, हास्यक्लबासाठी घशाच्या गोळ्या. पण थर्मामीटर घेऊन आलेली त्या दिवशी बहुधा मी एकटीच असेन. सूर्य अजून हॉटेलांच्या मागे अडकलेला. जुहूचं हे एक भारी आहे. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्त सगळ्यांच्या कॅमेऱ्यात, आणि सूर्योदय मात्र बिल्डिंगांच्या फटीतून हप्त्याहप्त्याने मिळतो. वाळू गार होती. ओहोटी लागली होती. आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्या मागे, जिथे कालपर्यंत काहीच नव्हतं, तिथे मसुराच्या डाळीएवढा लाल डाग होता.

आदल्या रात्री मी दोडामार्गहून परत आले होते. सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेला टेकलेला तालुका. आईचं माहेर तिथलं. शुक्रवारी रजा टाकून गेले, रविवारी संध्याकाळी मोपाहून विमान पकडलं आणि रात्री साडेदहाला जुहूच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हजर. मोपाचा विमानतळ 2023मध्ये सुरू झाल्यापासून आमचं गाव असं वीकएंडच्या अंतरावर आलंय. आंघोळीला गेले आणि गुडघ्यामागे हाताला काहीतरी लागलं. तीळ असेल म्हणून नखाने खरवडलं. तीळ हलला.

त्याला पाय होते.

किंचाळले अर्थातच. रूममेट धावत आली, तिच्यामागे तिचा कुत्रा बिस्किट धावत आला. बिस्किट म्हणजे जुहूच्या वाळूवर रोज दोनदा लोळणारा, पाच भटक्या मित्रांशी नाक घासणारा, बिस्किटाच्याच रंगाचा इंडी. रूममेटने मोबाइलचा टॉर्च मारला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘गोचीड आहे गं. बिस्किटच्या कानात परवाच दोन निघाले.’’

इथेच सगळा घोळ सुरू झाला. कारण हा गोचीड बिस्किटचा असेल, तर एक गोष्ट. आणि दोडामार्गच्या रानातून माझ्याबरोबर विमानाने आला असेल, तर गोष्ट एकदम वेगळी.

आधी तो काढला कसा, ते सांगते, कारण याबाबतीत प्रत्येकाच्या घरी एक एक्स्पर्ट असतो. आईला फोन लावला तर ती म्हणाली रॉकेल लाव. (रॉकेल! जुहूत! 2 बीएचकेमध्ये!) रूममेटचं मत नेलपॉलिशचं. मजल्यावरच्या एका काकांनी पेटलेली काडी सुचवली. यातलं काहीही करायचं नसतं. गोचिडाला चटका दिला, गुदमरवलं किंवा बोटांनी चिरडलं, तर त्याच्या पोटातला आणि लाळेतला ऐवज आपल्या जखमेत किंवा हातावर येण्याची भीती असते. सरळ उपाय म्हणजे भुवया कोरायचा प्लकर. कातडीला अगदी लागून गोचिडाचं तोंड पकडायचं, पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही, एका लयीत सरळ वर ओढायचं. त्याच्या तोंडाच्या सोंडेला मागे वळलेले काटे असतात, म्हणून तो चटकन सुटत नाही. सुटला की जखम साबणाने धुवायची, अँटिसेप्टिक लावायचं, हातही धुवायचे. आणि तारीख लिहून ठेवायची. आम्ही त्याला एका रिकाम्या कानातल्यांच्या डबीत सेलोटेपला चिकटवून ठेवला. आकार? तिळापेक्षा थोडा मोठा.

एवढं होईपर्यंत मला एकदाही दुखलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. डास चावला तर आपण लगेच फटका मारतो. गोचीड चावतो तेव्हा कळतच नाही, कारण त्याच्या लाळेत वेदना आणि सूज दाबणारी, रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. त्याला घाई नसते. तो दिवसचे दिवस चिकटून जेवतो. काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, कानाच्या पाळीमागे, केसांत... जिथे आपण आरशात बघत नाही तिथे.

रात्री एक वाजता नेटवर सर्च केलं. चूक! पहिली दहा पानं अमेरिकेची. लाइम डिसीज. कनेटिकट राज्यातल्या लाइम नावाच्या गावावरून पडलेलं नाव, 1970च्या दशकात तिथल्या मुलांच्या सुजलेल्या सांध्यांवरून शोध सुरू झाला. न्यू जर्सीच्या मावसबहिणीला मेसेज टाकला तर तिचा लगेच फोन. तिच्याकडे मुलं बागेतून आली की अंगभर तपासणं हा रोजचा कार्यक्रम. ‘‘चोवीस तासांच्या आत काढलास ना? मग टेन्शन घेऊ नकोस,’’ ती म्हणाली. तिच्या अंगणात ते बरोबर आहे. लाइमचा जंतू गोचिडाकडून माणसात जायला सहसा एक दिवस किंवा जास्त वेळ लागतो. पण आपल्याकडे लाइम ही पहिली शंका घ्यायची गोष्ट नाही. आपल्याकडचे गोचीड वेगळे, त्यांच्यातले जंतू वेगळे, आणि विषाणूच्या बाबतीत असल्या तासांच्या हिशेबावर विसंबता येत नाही. अमेरिकेतल्या बहिणीचा सल्ला जुहूत चालला नसता. आणि जुहूतला सल्ला दोडामार्गात चालत नाही.

दोडामार्गात मी केलं काय होतं? काही नाही हो. शनिवारी सकाळी काकीबरोबर काजूच्या बागेत गेले. फोटोसाठी. शॉर्ट्स आणि फ्लोटर्स घालून. बागेला लागून रान, खाली वाळलेल्या पानांचा, म्हणजे तिकडच्या भाषेत पातेऱ्याचा, घोट्यापर्यंत थर. मी त्यात मस्त बसले, पाय पसरून. सिझनचे पहिले काजू पडत होते, बोंडांचा तो आंबूस गोड वास, लांबवर तिलारीचं पाणी चमकत होतं... रील टाकलं तर दोनशे लाइक.

काकीने निघतानाच टोकलं होतं. ‘‘पायात काय तरी घाल गो. हय माकडा मरतत.’’

माकडं मरतात. हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. सोमवारी पहाटे ते परत आठवलं आणि झोप उडाली.

गोष्ट अशी आहे. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ गावांतल्या माणसांना जबरदस्त ताप येऊ लागला. पुण्यात 1952मध्ये सुरू झालेलं व्हायरस रिसर्च सेंटर होतं, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, आपली एनआयव्ही. तिथल्या शास्त्रज्ञांना आधी वाटलं, आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर भारतात घुसला की काय. तिकडेही जंगलात माकडं मरतात. पण निघाला एक नवाच विषाणू, आणि तो डासातून येत नव्हता, गोचिडातून येत होता. सायबेरियाकडच्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा हा नातेवाईक. सायबेरियातून कर्नाटकात हा आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तर नाही? या शंकेपायी आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि खुद्द सालिम अली कामाला लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्षी पकडायचे, त्यांच्या अंगावरचे गोचीड गोळा करायचे, पायात कडी घालून सोडायचे. पक्ष्यांनी हा आजार आणला, असं काही सिद्ध झालं नाही. पण आपल्याकडचे पक्षी कुठून कुठे जातात, याची ढीगभर माहिती त्या कड्यांमुळे मिळाली. एका तापामागे लागून पक्षीशास्त्राचं भलं झालं!

कानडीत या आजाराला मंगन कायिले म्हणतात, माकडाचा आजार. आपल्याकडे माकडताप. अनेक वर्षं तो कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरता होता. मग 2012पासून सह्याद्रीच्या कडेकडेने त्याची बातमी इकडून तिकडून यायला लागली. निलगिरी, वायनाड. 2015मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागांत काम करणारी माणसं आजारी पडली. आणि जानेवारी 2016मध्ये सीमेच्या अलीकडे, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. त्या सिझनला तालुक्यात शंभराहून जास्त लोकांना माकडताप झाला, काही दगावले. पुढच्या वर्षी तो बांदा भागात दिसला. बांदा म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरचं, आपण गोव्याला जाताना जिथे चहाला थांबतो ते बांदा.

केर आमच्या घरापासून लांब नाही. 2016 साली मी मुंबईत होते, कॉलेजात. घरी त्यावर बोलणं झालं असणार. मला आठवतसुद्धा नाही.

यात बिचाऱ्या माकडाचा दोष काहीच नाही, हे आवर्जून सांगायला हवं. माकडं आणि वानरं या विषाणूने आपल्यापेक्षा जास्त मरतात. विषाणू रानातल्या उंदरा-घुशींत आणि गोचिडांत फिरत राहतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड थंड शरीर सोडून खाली उतरतात आणि पातेऱ्यात पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की त्याच्या आसपास फिरकायचं नाही, आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवायचं. पावसाळ्यानंतर गोचिडाची पिल्लं वाढत वाढत डिसेंबर ते मेमध्ये त्या तिळाएवढ्या अवस्थेत येतात आणि माणसाला चावतात ती मुख्यतः हीच. नेमका काजूचा सिझन. नेमकी मुंबईकरांची गावी जायची हौस.

चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस. एकदम हुडहुडी, प्रचंड डोकेदुखी, अंग मोडून येणं, उलट्या, कधी हिरड्यांतून नाकातून रक्त. काहींना आठवडा-दोन आठवडे बरं वाटून ताप परत उलटतो आणि या वेळी मेंदूवर जातो. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. विषाणूवर नेमकं औषध नाही. वेळेवर सलाइन, रक्तस्रावावर नजर, एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. माणसाकडून माणसाला होत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. रूममेटला मी हे तीनदा सांगितलं.

म्हणजे हिशेब साधा. शनिवारी चावला असेल तर मंगळवार ते पुढचा रविवार.

सोमवारी ऑफिसमधून निघून आधी जवळच्या एका दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘‘ताप आहे?’’ नाही. ‘‘मग?’’ गोचीड चावलाय. ‘‘गोचीड कुत्र्यांना चावतात,’’ म्हणाले आणि मल्टिव्हिटॅमिन लिहून दिलं. शंभर टक्के खोटं नव्हतं ते. बिस्किट साक्षीला होता.

मंगळवारी सकाळी बिस्किटच्या व्हेटकडे आम्ही तिघं गेलो. मी, बिस्किट आणि डबीतला मरहूम गोचीड. व्हेटने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड त्याला झोपेतही ओळखता आला असता, कारण मुंबईत त्याच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांवर रोज तेच. हा गोचीड बेरकी. त्याला जंगल लागत नाही. घराच्या भिंतीच्या भेगेत, पायपुसण्याखाली, सोफ्याच्या शिवणीत तो अंडी घालतो, तीही हजारांच्या हिशेबात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच 2 बीएचकेमध्ये काढतो, भाडं न देता. शेवटी व्हेट म्हणाला, ‘‘हा तसा वाटत नाही. पण इतक्या लहानाचं मी शपथेवर सांगणार नाही. लॅबवाला सांगेल.’’

मग त्याने जे सांगितलं ते जुहू, वर्सोवा, बांद्र्यात कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. कुत्र्यांना होतो तो ‘टिक फीवर’ वेगळा. पण कुत्र्याचा गोचीड क्वचित माणसालाही चावतो आणि त्यातून टिक टायफस होऊ शकतो. रिकेट्सिया नावाच्या जंतूचा आजार. टायफॉइडशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं. ताप, डोकेदुखी आणि काही दिवसांनी अंगावर पुरळ, जे तळहात-तळपायांवरही येतं. चावल्या जागी कधी काळी खपली. महाराष्ट्रात याचे पेशंट सापडतात. आणि याला औषध आहे, डॉक्सिसायक्लिन. स्वस्तातलं, जुनं, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं. वेळेवर दिलं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. न ओळखता ‘व्हायरल आहे’ म्हणून बसून राहिलं तर किडनी-फुप्फुसापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

पाहा हं, एकाच गुडघ्यामागचा एकच डाग. गोचीड जुहूचा असेल तर औषध आहे. दोडामार्गचा असेल तर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग शून्य, कारण तो विषाणू. आणि दोन्हींची सुरुवात सारखीच, थंडी वाजून ताप! त्यातून मुंबईत ताप आला, रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरल्या की सगळे डेंग्यू म्हणून मोकळे होतात. माकडतापातही त्या दोन्ही उतरतात.

संध्याकाळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर फिजिशियन. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे गेला होतात?’’ मी दोडामार्ग म्हटलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मग केसपेपरवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘दोडामार्ग’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, बाजूला चावल्याची तारीख. म्हणाले, आत्ता टेस्ट करून काही दिसणार नाही. रोज दोनदा ताप मोजा. शंभरच्या वर गेला तर त्याच दिवशी या, रक्त पुण्याला पाठवायची व्यवस्था सरकारी यंत्रणेमार्फत करू. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करायचं नाही. ‘‘बाकी चालायला जा. जुहूला राहता ना? लोक इथे बरं व्हायला यायचे.’’

ते खरंच होतं. मी घरी येऊन वाचलं. 1924च्या जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत तुरुंगातून सुटका झाली आणि ते विश्रांतीसाठी आले जुहूला, मोरारजींच्या समुद्राकाठच्या बंगल्यात. पुन्हा 1944च्या मे महिन्यात, आगाखान पॅलेसमधून सुटले तेव्हा मलेरियाने पार थकले होते, आणि परत जुहू. आज चौपाटीवर त्यांच्या पुतळ्याच्या पायथ्याशी लोक सेल्फी काढतात, पण हा माणूस इथे ताप उतरवायला आला होता, हे तेव्हापर्यंत माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. नारळाची झाडं, वाळू, चार बंगले आणि कोळीवाडा, एवढीच तेव्हाची जुहू. हवापालट करायचं गाव! आता हवापालट करायला आपण दोडामार्गला जातो.

तर मग सुरू झाला माझा जुहू कोर्स.

बुधवारी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालले. 97.8. गुरुवारी दक्षिणेकडून उत्तरेकडे. 98.2. ज्या जुहूत मी तीन वर्षं राहतेय ती मी नीट पाहिलीच नव्हती. माझी जुहू म्हणजे शनिवार रात्र, पृथ्वीचा कॅफे, इर्ल्याचं शॉपिंग आणि जुहू तारा रोडवरचा ट्रॅफिक. सकाळची जुहू कुत्र्यांची आहे. लॅब्रेडॉर, शित्झू, हस्की (मुंबईत हस्की! त्याच्या मालकाला तो फर कोट घालून मे महिन्यात उभं करायला हवं), आणि या सगळ्यांचे बाप, वाळूत खड्डा करून त्यात पसरलेले भटके. पाळलेल्याच्या गळ्यात गोचिडाचा पट्टा, भटक्याच्या कानात गोचिडांची लोंबती द्राक्षं. दोघं खेळतात एकत्रच. एक आजी रोज बिस्किटांचा पुडा आणि चिमटा घेऊन येतात. एका कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या शांतपणे एकेक गोचीड उपटून मिठाच्या पाण्याच्या बाटलीत टाकत होत्या. मी म्हटलं, ‘‘आजी, ग्लोव्हज घाला ना.’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे चालू लागले. दुसऱ्या दिवशी केमिस्टकडून पाच रुपयांचे दोन जोड नेऊन दिले. घातले त्यांनी. एका हातात.

कोळीवाड्याच्या बाजूला सुकत घातलेली जाळी, डोक्यावरून समुद्राकडे जाणारी विमानं. मागे जुहूचं एअरोड्रोम, जिथे 15 ऑक्टोबर 1932ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाचं विमान घेऊन उतरले. आता तिथून हेलिकॉप्टरं उडतात. त्यांच्या आवाजाने बिस्किट रोज तेवढ्याच जोशात भुंकतो.

शुक्रवार. सहावा दिवस. दुपारी मीटिंगमध्ये डोकं ठणकायला लागलं. हात गरम वाटले. बाथरूममध्ये जाऊन थर्मामीटर लावला. 99.4.

तुम्हाला म्हणून सांगते, त्या बाथरूममध्ये मी रडले. शंभरात तीन ते पाच, हे वाचताना किती छोटं वाटतं! तेवढ्यात आपणच असलो तर? बॉसला सांगायचं काय? ‘सर, मला माकडताप झालाय’? हे नाव उच्चारलं तर सगळं ऑफिस हसणार, हे मला दिसत होतं. रिक्षा केली, घरी आले, पॅरासिटामॉल न घेता पडून राहिले, कारण खरा आकडा कळायला हवा होता. रूममेट दर तासाला थर्मामीटर घेऊन हजर. सहा वाजता 99.2. आठ वाजता 98.6. साडेनऊला तिने विचारलं, ‘‘दुपारी जेवलीस?’’ जेवले नव्हते. सकाळपासून दोन कॉफ्या आणि एसी.

शनिवारी सकाळी 98. संध्याकाळी आठवड्यात पहिल्यांदा शेवपुरी खाल्ली, चौपाटीवरच, उभ्याने.

रविवार, आठवा दिवस. जुहू फुल्ल. क्रिकेटच्या एकात एक घुसलेल्या पाच मॅच, हास्यक्लबाचं हा-हा-हो-हो, आणि पाण्याच्या रेषेवर बिस्किट. 97.9. टिक टायफससाठी आणखी आठवडाभर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून थर्मामीटर खिशात होताच. पण त्या दुसऱ्या तारखेची भीती तेवढी वाटत नव्हती, कारण तिच्यापुढे एका औषधाचं नाव लिहिलेलं होतं. डबीतला गोचीड कुठला, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. लॅबपर्यंत तो गेलाच नाही. रूममेटच्या म्हणण्यानुसार साफसफाईत डबीच गेली.

वाळूत बसून काकीला फोन लावला. सकाळचे आठ, म्हणजे ती रानातच असणार. होतीच. मागे पातेरा चुरचुरताना ऐकू येत होता.

‘‘आंगात ताप नाय मां गो?’’ हॅलोच्या जागी तिने हेच विचारलं.

‘‘नाही काकी. आठ दिवस झाले आज.’’

‘‘बरा झाला.’’

मी तिला विचारलं, तू पायात काय घातलंयस? तिने सांगितलं, काकाची जुनी फुल पँट, मोज्यात खोचलेली, आणि आरोग्य केंद्रातून मिळालेलं ते अंगाला लावायचं तेल हातापायांना. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात. सगळं येतं तिला, माझ्यापेक्षा जास्त. मी तरी म्हटलं, पातेऱ्यात बसू नकोस, दुसऱ्या कुणाला पाठव, थोडे दिवस जाऊच नकोस रानात. ती हसली.

‘‘तू आठ दिस मोजलंस. आमी मे म्हयन्यापर्यंत मोजतव. काजी खाली पडले, ते कोण येचतलो? आमका खयची सुट्टी?’’

मग आवाज लांब गेला, कुणालातरी काहीतरी ओरडून सांगत होती, आणि परत जवळ आला.

‘‘पाच किलो काजी धाडतंय एसटीन. पार्सल उघडशीत तेव्हा भायर झटकून घे गो. आणि त्या कुत्र्याक लांब ठेव.’’